बिजागरी आणि उंबरठा

घराच्या दाराविषयी आपल्या लोकांनी पुष्कळ विचार केलेला आहे. उंबरठ्याची आपण पूजा करतो, चौकटीला तोरण बांधतो, कडीकुलपाच्या भरवशावर गावाला जातो. आणि एखाद्याला दार दाखवणे म्हणजे काय, हे लहान मुलालाही कळते. या साऱ्या मानमरातबात बिजागरीला मात्र कोठेच जागा नाही. ती कुरकुरली म्हणजे आपण तिला दोन थेंब तेल घालतो आणि पुन्हा विसरून जातो. जिच्यावर सगळा भार, तिची आठवण तक्रारीच्या वेळीच व्हायची, हा न्याय काही एकट्या बिजागरीच्या वाट्याला आलेला नाही. पण तो विषय पुढे येईल. बिजागरीमुळे मला एक नैतिक प्रश्न पडला, आणि तोही घराच्या दारापाशी नव्हे, एका जुन्या मोटारीच्या दारापाशी, हे आधी सांगितले पाहिजे.

माझे आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेले, आणि त्यातली बरीच वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात गेली. तेथे माझ्या शेजारी एक सेवानिवृत्त शाळामास्तर राहत. त्यांच्याकडे एक जुनी एम.जी.बी. होती. दोन हिवाळे आम्ही दोघांनी तिच्यापायी त्यांच्या थंडगार गॅरेजात घालवले. मी मनातल्या मनात त्यांना मास्तरच म्हणत असे, तेव्हा येथेही तसेच म्हणतो.

एम.जी.बी. ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली स्पोर्ट्स मोटार. सगळे अवतार मिळून ती पाच लाखांहून अधिक निघाली, त्यामुळे ती काही राजेरजवाड्यांची चीज नव्हे. जरा हौस असलेल्या मध्यमवर्गीयाने काटकसर करून घ्यावी अशी ही गाडी. तिच्या आधीची एम.जी.ए. स्वतंत्र चासीवर बसवलेली असे; एम.जी.बी.ला वेगळी चासी नाही. तिचे शरीर हाच तिचा सांगाडा. त्यातून ती उघडी, म्हणजे वरून आधार देणारे छप्परही नाही. मग गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतात ते कशाने? मुख्यतः दोन्ही दारांखाली लांबवर गेलेल्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांनी. इंग्रज या पेटीला 'सिल' म्हणतो. सिल म्हणजे उंबरठा. ज्याने हा शब्द मोटारीला लावला त्याला आपल्या वास्तुपूजेची कल्पना नसणार, पण शब्द अगदी नेमका पडला आहे. ह्या गाडीचा उंबरठा गेला की घर गेले.

आणि तो जातो. पावसाचे पाणी, रस्त्यावरचा चिखल आणि हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून टाकलेले मीठ या पोकळीत शिरते आणि तेथेच मुक्काम करते. गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला पहिला फोड दिसतो तोपर्यंत आतले बरेचसे खाऊन झालेले असते.

आता बिजागरीकडे येऊ. या गाडीच्या प्रत्येक दाराला वरखाली दोन बिजागऱ्या असतात. त्यांचे एक पान गाडीच्या खांबाला, दुसरे दाराला. मधे एक पिन. वर्षानुवर्षे दार उघडता-मिटता पिन झिजते, तिचे भोक लांबट होते, आणि दाराचे मोकळे टोक खाली उतरते. इथे भूमिती निर्दय असते. दोन बिजागऱ्यांमधे एक फूट अंतर आणि दाराची लांबी तीन फूट धरली, तर वरच्या बिजागरीतला एक मिलिमीटरचा ढिलेपणा दाराच्या टोकाशी तीन मिलिमीटर होतो. कुळातला बारीक दोष तिसऱ्या पिढीत मोठा होऊन दिसावा, तसा काहीसा हा प्रकार.

यावरचा उपाय अवघड नाही, पण त्याला सबुरी लागते. स्क्रू गंजून घट्ट बसलेले असतात. त्यांना गंज सोडवणारे तेल पाजून दिवसभर ठेवायचे, मग हातोड्याचा ठोका घेऊन फिरणाऱ्या पेचकसाने ते सोडवायचे. जुनी पिन ठोकून काढायची. लांबट झालेले भोक रीमरने गोल करायचे, आणि त्यात जाड पिन घालायची किंवा ब्राँझची बुश बसवून मूळ मापाची पिन घालायची. मग दार टांगायचे. टांगताना, दाराचा खटका ज्यात जाऊन अडकतो तो खांबावरचा तुकडा आधी काढून ठेवायचा, ही या कामातली महत्त्वाची रीत. कारण तो तुकडा जरा वर बसवला, तर खाली उतरलेले दारही मिटताना त्यावर चढून बसते आणि सरळ दिसते. बंद असेपर्यंत सरळ. उघडले की खाली. दाराची परीक्षा घ्यायची तर ते नुसत्या बिजागरीवर लोंबकळत असताना घ्यावी.

मास्तरांच्या दाराची परीक्षा आम्ही अशीच घेतली. खटक्याचा तुकडा काढताच दार अर्धे बोट खाली आले. आम्ही नव्या पिना घातल्या. तरी ते खालीच. बिजागऱ्या सोडवल्या तेव्हा त्यांच्यामागे पातळ पट्ट्यांची एकावर एक चळत निघाली. मग गाडी जॅकवर उचलली. दारामागची फट डोळ्यांदेखत बदलली. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक मी उंबरठ्यावरून फिरवले. लोखंडाला ते चिकटायला हवे होते. हातभर अंतरात ते कोठेही चिकटले नाही. रंगाखाली पत्रा नव्हताच, पुट्टी होती.

मास्तरांनी गाडी घेण्यापूर्वी एका गॅरेजने ती 'दुरुस्त' केली होती. काय केले होते ते आता उघड झाले. उंबरठा खचल्यामुळे दार बसेना, म्हणून बिजागरीमागे पट्ट्या सारल्या. तरी बसेना, म्हणून खटका वर चढवला. फट वाकडी दिसू लागली, म्हणून पुट्टीने कड भरून ती सरळ केली. वर सुंदर लाल रंग. लबाडी तिन्ही ठिकाणी सुबक होती, आणि करणाऱ्याच्या हातात कसब होते. मला अधिक वाईट वाटले ते याचेच.

इथे प्रश्न उभा राहिला. मास्तरांचे वय झाले होते, गाडी त्यांना विकायचीच होती. ते म्हणाले, "मी फसलो, हे खरे. पण मी ही गाडी जशी घेतली तशीच दिली, तर मी नवी फसवणूक कोणती केली? आपण नव्या पिना घातल्या आहेत, हे तर मी घेतली तेव्हापेक्षा बरेच झाले. घेणारा रविवारी दोन मैल फिरवील. आणि सरकारसुद्धा विचारत नाही."

शेवटचा मुद्दा खरा होता. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा मूलभूत बदल न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाही. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहेच. पण उंबरठ्याखाली दिवा धरून पाहणारा परीक्षक मात्र उरलेला नाही. कायदा असा मागे सरकला की माणसाला दोन गोष्टी वाटू शकतात. आता आपण मोकळे झालो, ही एक. आता पाहणारे आपणच, ही दुसरी.

मी त्यांना एवढेच म्हणालो, की फसलेल्या माणसाला नुकसानीचा हक्क असतो, ते पुढे ढकलण्याचा नसतो. खोटे नाणे आपल्या हाती आले हे दुर्दैव. ते खोटे आहे हे कळल्यावर वाण्याला दिले, तर दुर्दैव संपले आणि आपले कृत्य सुरू झाले. आणि हे तर नाणेही नव्हते. बाजूने दुसरी मोटार येऊन आदळली, तर आतल्या माणसाच्या आणि तिच्या मधे जे काही उभे असते त्यात तो उंबरठा असतो. तेथे पुट्टी असेल तर काय, हे मास्तरांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला सहज विचारले, की ते ज्याला 'ॲडजस्ट' करणे म्हणतात त्याला तुमच्या भाषेत काय म्हणता? मी म्हणालो, 'जुळवून घेणे'. आणि तोंडातून शब्द जाताच मला जाणवले, की आमच्याकडे हा शब्द दारापेक्षा माणसांनाच अधिक लावतात. आणि माणसांतही काही ठरावीक माणसांनाच.

माझी थोरली आत्या वाईला दिलेली होती. भरले घर, मोठा वाडा, चार दिरांत मान. लग्नानंतर दोन वर्षांत तिला कळले, की तिच्या सासऱ्यांनी सट्ट्यात जमीन घालवली आहे आणि वाडा गहाण आहे. हे घरातल्या पुरुषांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते. तिने एकदा विषय काढला तेव्हा तिला सांगण्यात आले, "अगं, जरा जुळवून घ्यावं." माहेरी आली तर माझी आजीही तेच म्हणाली. तिने जुळवून घेतले. बांगड्या गेल्या, पाटल्या गेल्या. सणावाराला पाहुणे आले की पंगत यथास्थित उठत असे, आणि ती आत उरलेल्या भाकरीवर भागवी. मी लहानपणी त्या घरी गेलो आहे. आत्या इतकी हसतमुख असे की ते घर मला गोकुळ वाटे. ती पंचेचाळिशीतच वारली. तिच्या पाठीमागे सगळे म्हणाले, तिने घर सांभाळले. मला आज वाटते, घर सांभाळण्याची संधी तिला कुणी दिलीच नाही. घर खचले आहे हे बाहेर दिसू नये, एवढेच काम तिच्याकडे होते. ती गेल्यावर दोन वर्षांत वाडा लिलावात गेला. दार बंद असेपर्यंतच सरळ होते.

यंत्रशास्त्रात एक तत्त्व आहे. दोन धातू एकमेकांवर घासणार असतील, तर त्यांतला एक मुद्दाम मऊ निवडतात. बुश ब्राँझची असते ती याचसाठी. झीज चुकत नाही, तेव्हा ती कोठे व्हावी हे आधी ठरवायचे. ऐकायला हे कठोर वाटते. पण ज्याने हे ठरवले तो बुशीला तेल मिळेल अशी सोय करतो, ती अधूनमधून तपासावी असे सांगतो, आणि ती बदलता येईल अशीच बसवतो. आपल्या घरांनीही कोण झिजायचे हे ठरवलेले असते. फक्त तेलाची आणि तपासणीची कलमे कुणीतरी खोडून टाकली आहेत.

यावर कुणी म्हणेल, की मग जुळवून घेऊच नये काय? ताठ बिजागरी ही बिजागरीच नव्हे. ज्या घरात कुणीच कुणाशी जुळवून घेत नाही त्याला घर म्हणत नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. साच्यातून निघालेले दोन पत्रेही तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यातून नवी निघणारी गाडीसुद्धा कुणाच्या तरी जाणत्या हाताने दार जुळवून घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. पट्ट्या त्यांनीही वापरल्या असतील. तेव्हा पट्टी घालणे हे पाप नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. उंबरठा सरळ आहे याची खात्री केल्यावर उरलेला केसभर फरक पट्टीने भरून काढणे, ही कारागिरी. उंबरठा खचला आहे हे ठाऊक असून तो उघडकीला येऊ नये म्हणून पट्टी घालणे, ही फसवणूक. पट्टी तीच, स्क्रूही तेच. हाताचे कसब तेच. कृतीकडे नुसते पाहून ती कोणती हे ओळखता येत नाही, आणि म्हणूनच आपली इतकी गल्लत होते.

जुळवून घेण्याचे एक थोर उदाहरण मोटारींच्याच इतिहासात आहे. मर्सिडीझची ३०० एस.एल. ही गाडी १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा. त्याला मजबुती यावी म्हणून त्या नळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या उंच आणाव्या लागल्या, की नेहमीसारखे दार बसायला जागाच उरली नाही. नळ्या कापून दाराला वाट करून देता आली असती. रचनाकारांनी सांगाडा शाबूत ठेवला आणि बिजागऱ्या उचलून छपरात नेल्या. दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडू लागली. आत बसणाऱ्याला उंच कठड्यावरून पाय टाकून जावे लागते, ही अडचण झालीच. पण ती कुणी लपवली नाही. अशा फक्त १४०० गाड्या झाल्या, आणि त्या दारांसाठीच जगाने त्यांना लक्षात ठेवले. इथेही बिजागरीनेच जुळवून घेतले. पण ते खऱ्या कण्याशी, आणि सगळ्यांच्या देखत.

मास्तरांनी गाडी कापायचे ठरवले. आधी दाराच्या पोकळीत आडव्या सळया जोडून गाडीला आधार दिला, कारण उंबरठा काढताच ती मधे वाकण्याचा धोका असतो. मग एका वेळी एकच बाजू घेतली. नवा उंबरठा कायमचा जोडण्यापूर्वी दार पुन:पुन्हा टांगून पाहिले. इथे दार हीच आमची मोजपट्टी. या सगळ्यात मास्तरांना एक शंका छळत होती. ती शिक्षकाला शोभेशीच होती: नवे उंबरठे, नव्या पिना, उद्या कदाचित नवे पत्रे; मग गाडी तीच राहिली काय?

मी त्यांना नागसेनाची गोष्ट सांगितली. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि या सगळ्यांच्या आधाराने आलेले 'रथ' हे एक नाव आहे, एवढेच उरते. मास्तरांनी विचारले, त्या यादीत बिजागरी आहे का? मी म्हटले, नाही; त्या रथाला दार नसावे. ते खूप हसले.

पण मग त्यांनीही मला एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या देशातली. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटले मोटार १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे ल मांची शर्यत जिंकली. पुढे ती शर्यतींसाठी इतक्यांदा बदलली गेली, की १९२९ मधले तिच्यात फारच थोडे उरले. तिच्या विक्रीवरून वाद झाला. घेणाऱ्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. १९९० साली लंडनच्या न्यायालयाने निर्णय दिला, की ही तीच गाडी आहे. भाग बदलत गेले. पण ती तीच गाडी म्हणून अखंड चालत आली, आणि नवा भाग प्रत्येक वेळी तिच्यात मिसळून गेला. मला या निर्णयात न्यायाधीशाइतकाच नागसेन दिसतो. खरेपणा जुन्या धातूत साठवलेला नसतो. बदल झाला, तो अमुक वेळी अमुक कारणाने झाला, आणि त्याची माळ कोठे तुटलेली नाही, यात तो असतो. जुना पत्रा आणि त्यावर पुट्टी, ही 'मूळ' गाडी असूनही खोटी. नवा उंबरठा आणि त्याची नोंद, ही बदललेली असून खरी.

मास्तरांनी नोंद केली. शाळेच्या दप्तरासारखी एक फाइल केली. तीत कापलेल्या उंबरठ्याची छायाचित्रे, सामानाच्या पावत्या, पिनांची मापे, आणि बिजागरीमागून निघालेल्या त्या पट्ट्यांची चळतसुद्धा एका पाकिटात घालून ठेवली. जुन्या बिजागऱ्या आम्ही टाकल्या नाहीत. त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या मागे शेवटी एक एक पट्टी राहिली. ती आम्ही मोजून, उजेडात घातली. दार बोटाने लोटले तरी मिटू लागले, आणि खटक्यावर न चढता त्यात शिरू लागले.

गाडी त्या फाइलीसह विकली गेली. खर्च भरून निघाला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नीतीच्या गोष्टीत शेवटी सज्जनाचा फायदा झाल्याचे दाखवण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्या सवयीने नीतीचे फार नुकसान होते. मास्तरांना तोटा झाला. तो त्यांच्यापाशी थांबला. पुढच्या माणसाकडे गेला नाही. त्या तोट्याला मी हेच नाव देऊ शकतो.

आता घरात, लग्नकार्यात, कचेरीत कुणी कुणाला वडीलकीने "जुळवून घे" असे सांगू लागला, की मला त्यात काही गैर दिसत नाही. सल्ला चांगला आहे, जुना आहे, आणि बहुतेक घरे त्यावरच उभी आहेत. मी सांगणाऱ्याला फक्त एवढेच विचारतो, की उंबरठ्यावरून एकदा लोहचुंबक फिरवून पाहिले आहे ना?